आंधळा मागतो एक डोळा, लेखक देतो रडार

विज्ञानकथेत सगळं चालतं. प्रकाशाला मागे टाकणारं यान चालतं. काळात मागे जाऊन पणजोबांशी गप्पा मारणं चालतं. फँटसीत तर डोंगर बोलतात आणि तलवारी आपापले मालक निवडतात.

फक्त पहिल्या पानावर व्हीलचेअरवर असलेली बाई शेवटच्या पानावरही व्हीलचेअरवरच असलेली चालत नाही.

तिला उभं करायचं असतं. उभं करता आलं नाही तर मारायचं असतं. मारणं जिवावर आलं, तर अशी काही शक्ती द्यायची असते की पायांचा हिशेब चुकता व्हावा. एवढं अफाट विश्व, आणि वाटा तीनच?

मार्व्हलचा डेअरडेव्हिल घ्या. १९६४ पासून तो न्यूयॉर्कमध्ये दिवसा वकिली करतो आणि रात्री गुंडांना बडवतो. तो अंध आहे. पण कान इतके तयार की समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकू यावेत, आणि वर अंगातच रडार. मग अंधत्व उरलं कुठे? अंध वकिलाला खटल्याचे कागद वाचता येतील अशा रूपात, तारखेच्या आधी हातात पडतात का, हा खरा थरार आहे. त्यावर मी अख्खी मालिका वाचेन.

आपल्याकडे यावं तर २००३ चा 'कोई... मिल गया' आहेच. एका अख्ख्या पिढीची विज्ञानपटाशी पहिली ओळख तिथे झाली. रोहित मेहरा हा जन्माआधीच्या अपघातात मेंदूला इजा झालेला, वयाने तरुण, समजेने लहान मुलगा. त्याची आई त्याच्यासाठी शाळेशी झगडते. लहान पोरांची टोळी त्याला आपला मानते. त्याला राग येतो, लाज वाटते, प्रेम होतं. माणूस म्हणून तो पडद्यावर पुरेसा उभा होता.

सिनेमाला तो पुरेसा वाटला नाही.

मग परग्रहावरून जादू उतरतो. उन्हातून शक्ती घेणारा हा निळा पाहुणा रोहितला दुरुस्त करतो. गणित येतं, बास्केटबॉल येतं, मारामारी येते. आणि चष्मा? तोही जातो. थिएटरातल्या चष्मेवाल्यांनाही ते खटकलं नाही, इतकी आपल्याला दुरुस्तीची सवय झाली आहे.

शेवटी जादू निघून जातो आणि रोहित पुन्हा पहिल्यासारखा होतो. इथे सिनेमा क्षणभर धीट होतो. आता हा मुलगा असाच जगणार, त्याला आवडणारी मुलगी त्याच्यावर असंच प्रेम करणार, असं वाटतं. पण क्षणभरच. जादू दुरून सगळी शक्ती परत पाठवतो, कायमची. धीर संपला.

डॅनियल कीज यांनी १९५९ साली हाच डाव उलटा मांडला होता. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' या त्यांच्या कथेतला चार्ली मंदबुद्धी म्हणून हिणवला जातो. शस्त्रक्रियेने त्याची बुद्धी वाढते, आणि पुन्हा ओसरते. मधल्या काळात त्याला कळतं, की ज्यांना तो मित्र समजत होता ते त्याला हसत होते. शस्त्रक्रियेआधीही तो माणूसच होता, हे कथा विसरू देत नाही. आपण चव्वेचाळीस वर्षांनी सिनेमा काढला आणि चार्लीच्या आधीच्या मुक्कामावर जाऊन बसलो.

त्याच घराण्यातला २०१३ चा 'क्रिश ३' आठवतो? खलनायक काल. दोन बोटं सोडून सगळं शरीर लुळं, चाकांच्या खुर्चीत बसलेला, मनाच्या जोरावर वस्तू भिरकावणारा. त्याला रोहितची अस्थिमज्जा हवी असते, म्हणजे तो उभा राहील. चांगला अपंग बरा होतो, वाईट अपंग खुर्चीत बसून कट रचतो.

पोरं हे बघत मोठी होतात. वर्गात व्हीलचेअरवर येणारी मुलगीही तोच सिनेमा बघत मोठी होते. तिने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या?

सगळं खापर सिनेमावाल्यांवर फोडायची घाई नको. आपल्या जुन्या कथांत डोकावा. कैकेयीचे कान भरणारी मंथरा कुबडी. टीव्हीवरच्या 'महाभारता'त शकुनी लंगडतो. मूळ कथेत त्याच्या पायाला काही झालेलं नाही. मालिकेला कपट दाखवायचं होतं, म्हणून पाय वाकडा केला.

आणि अष्टावक्र? जनकाच्या दारात द्वारपालाने पोर म्हणून अडवलेला हा मुलगा आत जातो, बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो, बापाला सोडवून आणतो. हे सगळं आठ ठिकाणी वाकलेल्या अंगाने. पुढे वनपर्वात काय होतं? बाप त्याला समंगा नदीत बुडी मारायला सांगतो आणि अंग सरळ होतं. वाद जिंकला वाकड्या शरीराने, बक्षीस मिळालं सरळ शरीर.

पण त्याच महाभारतात एक प्रसंग असा आहे, की त्याच्यासाठी मी व्यासांना दहा गुन्हे माफ करीन.

युद्धाच्या तोंडावर व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, पाहायचं असेल तर तुला दृष्टी देतो. जन्मभर अंध असलेल्या, त्याच कारणाने आधी राज्य हुकलेल्या माणसाला आयती दृष्टी मिळते आहे. आणि तो नको म्हणतो. आप्तांची कत्तल मला पाहायची नाही, मला ऐकायचं आहे. म्हणून दिव्यदृष्टी संजयला मिळते आणि राजा ऐकतो.

उपचार समोर असताना, स्वतःच्या कारणासाठी, नाही म्हणणारा अंध राजा! आजच्या किती लेखकांची ही छाती आहे?

कीर्तनात मात्र आपण त्याला 'पुत्रप्रेमाने आंधळा' करून टाकला. त्याचा मोह त्याच्या मनाचा होता. डोळ्यांचा त्यात काय दोष? डोळस दुर्योधनाला तरी काय दिसलं?

आता १९०४ साल. एच. जी. वेल्स यांची 'द कंट्री ऑफ द ब्लाइंड'. अँडीज पर्वतातल्या तुटक्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अंध असलेलं गाव. एक डोळस गिर्यारोहक घसरून तिथे पडतो आणि समजतो, आता इथला राजा मीच. गाव त्याला वेडा ठरवतं.

कारण गाव चोख चाललेलं असतं. घरांना खिडक्या नाहीत, कोणाला हव्या आहेत? थंडाव्यात, म्हणजे रात्री, शेतीची कामं होतात आणि दिवसा झोप. प्रत्येक पायवाटेच्या काठाला वेगळी खाच, हाताला-पायाला कळेल अशी. वेल्सने अंधांना रडार दिलं नाही. रस्ता दिला.

आणि डोळस पाहुण्याचं लग्न ठरायची वेळ येते तेव्हा गावचा वैद्य निदान करतो: याच्या चेहऱ्यावरचे हे दोन थरथरणारे गोळे हाच आजार, ते काढले की माणूस बरा होईल. गाव ज्यांच्या मापाने बांधलं, त्यांचं शरीर ते निरोगी, बाकीचं दुखणं. अपंगत्व कुठे राहतं, शरीरात की गावात, याचं इतकं लख्ख उत्तर नंतरच्या सव्वाशे वर्षांत फार थोड्यांनी दिलं.

वेल्सची ती खाच पुढे खरी झाली. जपानच्या सेइइची मियाके यांनी अंधांना पायाखाली कळतील अशा उंचवट्यांच्या फरशा शोधल्या आणि १९६७ साली ओकायामात त्या रस्त्यावर बसल्या. आपल्या फुटपाथवरही त्या आहेत, पिवळ्या. काठी टेकत त्यांच्यावरून चाला. दहा पावलं सरळ, मग झाड. पुढे आणखी काही, मग विजेचा डीपी. फरशा बसवणाऱ्या ठेकेदाराने एकदा डोळे मिटून त्या चालून बघितल्या असत्या, तर?

लेखकही तेच करतात. फरशी बसवतात, चालून बघत नाहीत.

'स्टार ट्रेक'चं उदाहरण घ्या, कारण त्यात रोग आणि औषध दोन्ही आहेत. १९६६ च्या एका कथेत कॅप्टन पाइक अपघातात संपूर्ण लुळा झालेला दाखवला आहे. एका बंद खुर्चीत बसवलेला. बोलायचं कसं? खुर्चीवरचा दिवा एकदा चमकला की हो, दोनदा चमकला की नाही. तेविसाव्या शतकात! आकाशगंगा ओलांडणाऱ्या माणसांना आपल्या कॅप्टनसाठी दोनच शब्द परवडले.

स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली गेला. पुढच्याच वर्षी ते संगणकाच्या मदतीने बोलू लागले, पुस्तक लिहू लागले, टोमणे मारू लागले. खऱ्या जगाने कल्पनेतल्या तेविसाव्या शतकाला वीस वर्षांत गाठून मागे टाकलं. कल्पनेला कोणी अडवलं होतं? अपंग माणसाला 'हो' आणि 'नाही'च्या पलीकडे काही बोलायचं असेल, हेच लेखकाला सुचलं नव्हतं. आणि कथेचा शेवट? पाइकला एका परग्रहावर नेऊन सोडतात. तिथे भ्रमात का होईना, त्याचं शरीर धडधाकट असेल म्हणून.

आता औषध. १९८९ साली 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेत रिव्हा नावाचा कर्णबधिर मध्यस्थ आला. त्याचे विचार बोलून दाखवणारे त्याचे तीन साथीदार मारले जातात. आधी ठरलं होतं, की संकटात सापडलेला रिव्हा बोलायला शिकेल. भूमिका करणारे हॉवी सीगो स्वतः कर्णबधिर. ते म्हणाले, हे नको.

मग कथा बदलली. रिव्हा बोलायला शिकत नाही. तो भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना आपली खुणांची भाषा शिकवायला बसतो. आधी भाषा शिका, शिकता शिकता एकमेकांकडे बघावं लागेल. एक माणूस खोलीत होता, त्याने तोंडावर नाही म्हटलं, आणि मालिकेला तिची एक देखणी कथा मिळाली.

दयेने ती मिळाली नसती.

'डॉक्टर हू' या मालिकेने मात्र वेळ घेतला. त्यातलं टार्डिस हे काळयान बाहेरून पोलिसांची निळी पेटी, आतून महालाहून मोठं. १९६३ पासून ते डायनासोरांपासून विश्वाच्या अंतापर्यंत फिरलं. आत रॅम्प आला २०२३ साली. साठ वर्षं लागली, तीही काळयानाला!

रॅम्प आला तो शर्ली बिंगहॅम या शास्त्रज्ञ बाईंच्या पाठोपाठ. रूथ मॅडली या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीने ती भूमिका केली. शर्लीच्या खुर्चीत शस्त्रं आहेत, जिभेवर धार आहे, आणि तिला कोणी बरं करत नाही. त्याच वर्षी निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी १९७५ पासूनचा खलनायक डेव्हरॉस खुर्चीतून उठवला आणि उभा दाखवला. दुष्टपणा आणि व्हीलचेअर ही जोडी पुढे न्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. चाहत्यांचं भांडण जुंपलं.

मला डेव्हरॉसच्या उठण्यापेक्षा शर्लीचं बसणं महत्त्वाचं वाटतं. खलनायक खुर्चीत असायला हरकत काय? हरकत तेव्हा, जेव्हा अख्ख्या विश्वात तेवढी एकच खुर्ची असते. अमेरिकी लेखक केनी फ्राइज यांनी २०१७ साली तीन साधे प्रश्न मांडले: कथेत एकापेक्षा जास्त अपंग माणसं आहेत का? धडधाकट माणसाला शिकवण्यापलीकडे त्यांना स्वतःचं काही काम आहे का? आणि शेवटी त्यांना बरं करून किंवा मारून अपंगत्व पुसून टाकलेलं तर नाही ना? तुमच्या आवडत्या पाच विज्ञानकथांना हे प्रश्न लावून बघा. किती उरतात?

फँटसीवाल्यांचा तर वेगळाच हट्ट. २०२० साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी एका अपंग रचनाकाराने लढाऊ व्हीलचेअरचे नियम लिहिले आणि फुकट वाटले. खेळणाऱ्यांतले काही जण खवळले. जादूने पाय बरे होतात त्या जगात व्हीलचेअर कशाला? हे वास्तवाला धरून नाही म्हणे.

ड्रॅगन वास्तवाला धरून आहे. चाकं नाहीत.

शिवाय जादू फुकट असते असं कोणी सांगितलं? 'अवतार'मध्ये एक फार खरी गोष्ट येऊन जाते. साल २१५४. तुटलेला मणका दुरुस्त होऊ शकतो. पण जेक सली हा माजी सैनिक. त्याला मिळणाऱ्या सरकारी लाभात तो खर्च बसत नाही. उपचार आहे, पैसे नाहीत! आपल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेली ही कथा. सिनेमाने ती एका वाक्यात उरकली आणि जेकला निळं, उंच, धावणारं शरीर देऊन मोकळा झाला. ती एका वाक्याची कथा कोणी तरी लिहा हो.

ॲन मॅकॅफ्री यांनी निदान हिशेब तरी लपवला नाही. १९६९ च्या 'द शिप हू सँग'मधली हेल्वा जन्मतःच इतकी अपंग, की आईबापांपुढे दोनच पर्याय: मरण, किंवा धातूच्या कवचात बंद करून तिला अवकाशयानाचा मेंदू बनवणं. हेल्वा यान होते, गाते, शूर ठरते. आणि तिला वाढवण्या-शिकवण्याचा खर्च तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढलेला असतो, तो फेडेपर्यंत काम. जगायचा हक्क हप्त्यांवर.

कृत्रिम पायाची गोष्ट काढली तर ती फार जुनी आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमार विश्पलेला लोखंडी पाय बसवतात आणि ती पुन्हा धावायला तयार. तिथून १९७४ च्या अमेरिकी मालिकेतल्या साठ लाख डॉलरच्या यांत्रिक माणसापर्यंत कल्पनेतला कृत्रिम पाय एकच काम करतो. धावतो.

खरा पाय १९६८ साली जयपूरमध्ये तयार झाला. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा केला, म्हणून स्वस्त. त्याची खरी करामत वेगाची नव्हतीच. परदेशी पायाला बूट लागायचा आणि तो घोट्यात वाकायचा नाही. हा पाय घालून उकिडवं बसता येतं. मांडी घालून जेवता येतं. अनवाणी, चिखलात, बांधावरून चालता येतं. कोणी तरी विचारलं असणार, की हा माणूस दिवसभर काय करतो. शेतात जातो, जमिनीवर बसतो, देवळात चप्पल काढतो.

बसणारा पाय! साठ लाख डॉलरमध्ये तो सुचला नव्हता.

विज्ञानकथेत नेमका हा दिवसभर गायब असतो. यांत्रिक हात आहे, पण त्याचं चार्जिंग मध्येच संपत नाही. तो खांद्याला घासत नाही, दुरुस्तीला जात नाही, सुटा भाग मिळायला तीन महिने लागत नाहीत. कुबड्या वापरणाऱ्याला विचारा, पावसाळ्यात ओल्या फरशीवर रबरी बूच झिजलेलं असलं की काय होतं. त्या एका बुचात पाठलागाचं अख्खं प्रकरण आहे. लेखकाला ते माहीत नसतं, कारण त्याने विचारलेलं नसतं.

यंत्राशी अंग जोडून जगणं ज्याला आपण भविष्य म्हणतो, ते अपंग माणसं आजच जगत आहेत. मग भविष्याबद्दल लिहिताना सल्ला त्यांचा का नको?

सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये 'आँख मिचोली' सिनेमाच्या प्रकरणात हेच बजावलं: पडद्यावर अपंग माणसं दाखवताना त्यांना निर्णयात सामील करून घ्या. सिनेमावाल्यांना सांगावं लागलं. आपण पुस्तकवाले स्वतःहून करणार, की आपल्यालाही कोर्टाची वाट बघायची आहे?

मराठी विज्ञानकथा काही कालची नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून जयंत नारळीकरांनी बक्षीस पटकावलं होतं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. म्हणजे कृष्णविवर आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच पोचलं. त्या कथांमधल्या प्रयोगशाळांना रॅम्प असल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

आणि माहिती मिळत नाही, ही सबब चालणार नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मराठीत आहे. ते ग्रंथालयात चरित्रांच्या कपाटात असतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने ते कपाट उघडायला काय हरकत आहे?

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. समजा उद्या एखाद्याने अंध नायिकेची झकास मराठी विज्ञानकथा लिहिली. ती अंध वाचकाला वाचता येईल?

अंध वाचक संगणकावर किंवा फोनवर स्क्रीनरीडर वापरतो. अक्षरं आवाजात बदलणारा प्रोग्राम. एनव्हीडीए हा त्यातला गाजलेला, आणि फुकट. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने तो सुरू केला आणि दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. मराठीही वाचतो. पण आपल्याकडे अजून कितीतरी मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत जुळवला जातो. डोळ्यांना पानावर 'आकाश' दिसतं. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. स्क्रीनरीडर बिचारा ती भेळ प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. नाही तर पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ केलेली असते. मग तो गप्प.

कायदा आड येत नाही. २०१२ पासून आपला कॉपीराइट कायदा अपंगांना वाचता येईल अशी प्रत काढायला परवानगी देतो. अंध वाचकांसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ साली. करारात पहिले, आणि पुस्तकाची फाइल अजून मुकी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनो, तुमच्याकडे अपंग लेखकांचे पत्ते आहेत. दर वर्षी तुम्ही त्यांच्याकडे 'माझा संघर्ष' मागता. यंदा कथा मागा. यान असू दे, ड्रॅगन असू दे, खून असू दे, नायक नालायक असू दे. मानधन बाकीच्यांना देता तेवढंच द्या.

आणि अंक छपाईला गेला की फाइल युनिकोडमध्ये जपून ठेवा. कोणी अंध वाचकाने मागितली तर त्याच दिवशी पाठवा.